दुकान भारी शे, पण कितलाले?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"पारोळ्यात माझं ३४ वर्षांचं किराणा दुकान आहे. हायवेलगतचा एक प्लॉट विकला, त्यातले ९ लाख हाताशी आहेत. लेक सुरतेला दिलेली आहे. तिच्याकडे गेलो की डीमार्टला जाणं होतं. मागच्या खेपेला रविवारी संध्याकाळी बिलाच्या रांगेतच पाऊण तास गेला. तिथेच ठरवलं, जे दुकान आपलं गिऱ्हाईक नेतंय त्याच दुकानात वाटा घ्यायचा. ४,००० रुपये भाव धरला तर सव्वादोनशे शेअर येतात. पुण्याचा मुलगा म्हणतो, 'पीई ९६ आहे, एवढं महाग घेऊ नका.' अमळनेरचा भाचा म्हणतो, 'मामा, पीई ९६ नाही, ८९ आहे. आणि विप्रोवाल्यांनी पीई पाहत बसले असते तर करोडपती झाले असते का?' वर म्हणतो, महागच वाटत असेल तर बारा-पंधरा पीईची दुसरी एखादी रिटेल कंपनी घ्या. एकाच दुकानाचे दोन पीई कसे? आणि या आकड्यांवरून खरंच काही कळतं का? – आप्पा, पारोळा"

आप्पा, रामराम.

चौतीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसाला पीई शिकवायला जाणं म्हणजे रावेरच्या माणसाला केळीची कापणी शिकवणं. तुम्हाला हे सगळं येतं. तुम्ही त्याला पीई म्हणत नाही, एवढंच.

समजा, तुमच्या शेजारचा दुकानदार पोराकडे कायमचा पुण्याला निघाला आणि म्हणाला, आप्पा, दुकान तुम्हीच घ्या. तुम्ही त्याला 'तुझ्याकडे रांग किती लागते' असं विचारणार नाही. गल्ला किती, त्यातून सुटतं किती, उधारी किती अडकली, जागा स्वतःची की भाड्याची, बँकेचं देणं काही आहे का, हे विचाराल. आणि मग डोळे बारीक करून आपल्या बाजारातला खरा प्रश्न टाकाल: "बरं, कितलाले?" म्हणजे केवढ्याला? नोकरांचा पगार, लाईट बिल, सगळं जाऊन वर्षाला ४ लाख सुटत असतील आणि तो ४० लाख मागत असेल, तर तुम्ही त्याच्या वर्षाच्या नफ्याच्या दहा पट मोजताय. पीई १०. शेअरलाही हाच हिशेब: एका शेअरचा भाव भागिले त्या शेअरच्या वाट्याला आलेला वर्षाचा नफा. तोच शेजारी ३ कोटी ८४ लाख मागायला लागला तर पीई ९६. त्याला तुम्ही चहा पाजाल आणि वाटेला लावाल.

आता मुलगा जिंकला असं समजू नका. कारण ९६ च्या वरचा सौदा तुम्ही स्वतः करून बसला आहात, फक्त विकणाऱ्याच्या बाजूने. हायवेलगतचा तो तुकडा शेती म्हणून ठेक्याने दिला असता तर वर्षाला किती आले असते? नफ्याच्या हिशेबाने बघितलं तर घेणाऱ्याने शंभर पटींच्या वर मोजले असतील. तो वेडा नव्हता. त्याने कपाशीचे पैसे दिले नाहीत, उद्याच्या हॉटेलचे नाहीतर गोडाऊनचे दिले. मोठा पीई म्हणजे उद्याची आगाऊ किंमत. ती देणं चूक नाही. पण किती उद्या विकत घेतला आणि तो आला नाही तर काय, हे मोजल्याशिवाय देणं चूक आहे. रांगेत उभ्या माणसाला 'आज' दिसतो. तुम्ही ४,००० रुपये ज्याचे मोजणार ते त्या रांगेत दिसत नाही.

आधी दोन पीईंचा घोळ मिटवू, कारण तुमचा मुलगाही बरोबर आहे आणि भाचाही. डीमार्ट चालवणाऱ्या कंपनीचं नाव ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स. तिचा घरपोच ऑनलाइन किराण्याचा धंदा वेगळ्या उपकंपनीत आहे आणि तो तोट्यात आहे. २०२४-२५ या वर्षात एकट्या मूळ कंपनीचा नफा साधारण २,९२७ कोटी होता. उपकंपन्यांसकट सगळ्या घराचा एकत्र हिशेब केला तर २,७०७ कोटी. शेअर आहेत सुमारे ६५ कोटी. म्हणजे एका शेअरमागे एका हिशेबाने ४५ रुपये, दुसऱ्याने ४१ रुपये ६० पैसे. ४,००० ला भागा: ८९ आणि ९६. भाच्याच्या मोबाईलने थोरल्या भावाची वही दाखवली, मुलाने एकत्र कुटुंबाची. घ्यायचा एकत्र कुटुंबाचाच आकडा, कारण धाकट्याचा तोटा शेवटी घरातूनच जातो. कुठलाही पीई बघाल तेव्हा तो 'एकत्रित' हिशेबावरचा आहे का आणि संपलेल्या वर्षाचा आहे की येणाऱ्या वर्षाच्या अंदाजावरचा, हे आधी विचारा. येणाऱ्या वर्षाचा पीई बहुतेकदा स्वस्त दिसतो. पेरणीच्या दिवशी कोणाचंच पीक बुडालेलं नसतं.

आता ९६ उलटा करून बघा. १०० रुपये गुंतवले की वर्षाला १ रुपया ४ पैसे नफा तुमच्या नावावर. बँकेची ठेव सहा-सात रुपये देते. शिवाय तो रुपयाही हातात येत नाही, कारण ही कंपनी लाभांश वाटत नाही, सगळा पैसा नवी दुकानं काढायला वापरते. माझी त्याबद्दल तक्रार नाही, वाढणाऱ्या दुकानाने तेच करावं. पण मग सगळी भिस्त वाढीवर आली. म्हणून पीईच्या पुढचा प्रश्न हा की, हा भाव पुरा पडायला नफा किती वेगाने वाढायला हवा?

एक कागद घ्या. अपेक्षा साधी ठेवू: दहा वर्षांत वर्षाला १२ टक्के सुटावेत. त्यासाठी ४,००० चे साधारण १२,४०० व्हायला हवेत. दहा वर्षांनी हे दुकान मुरलेलं असेल, वेग मंदावलेला असेल, तेव्हा लोक ९६ पीई देणार नाहीत. मी उदार हाताने ३५ धरतो. १२,४०० भागिले ३५, म्हणजे एका शेअरमागे ३५५ रुपये नफा लागेल. २०२४-२५ ला तो ४१ रुपये ६० पैसे होता. साडेआठ पट! त्यासाठी नफा सलग दहा वर्षं, दरसाल, २४ टक्क्यांच्या आसपास वाढत राहिला पाहिजे.

अशक्य आहे का? नाही. २०१६-१७ मध्ये या कंपनीचा नफा ४७९ कोटी होता, २०२४-२५ मध्ये २,७०७ कोटी. आठ वर्षांची सरासरी काढली तर बरोबर २४ टक्केच येते. म्हणून तर बाजार एवढा भाव देतो. पण अलीकडची तीन वर्षं नीट बघा: २,३७८ कोटी, मग २,५३६, मग २,७०७. वर्षाला सात टक्क्यांच्या आत. शेवटच्या वर्षी विक्री जवळपास १७ टक्के वाढून ५९,३५८ कोटींवर गेली आणि नफा मात्र सातच टक्के वाढला. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल: गल्ला वाढतोय, पण सुटत नाही.

पुढचे दोन हिशेबही करून ठेवा. नफा विक्रीइतका, १७ टक्क्यांनी दहा वर्षं वाढला आणि शेवटी पीई ३५ झाला, तर शेअर ७,००० च्या आसपास. वर्षाला पावणेसहा टक्के. बँकेच्या ठेवीएवढंही नाही, आणि मधली सगळी धाकधूक फुकट. सात टक्क्यांनीच वाढला तर शेअर २,८६० च्या आसपास, म्हणजे दहा वर्षांनी मुद्दलातच तूट. हां, पीई ९६ चा ९६ राहिला तर १७ टक्के वाढीला १७ टक्के मिळतील. तसं होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण मग तुम्ही दुकानावर पैसे लावले नाहीत, दहा वर्षांनी येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या उत्साहावर लावले.

भाचा यावर म्हणेल, हे सगळे पुस्तकी हिशेब. २१ मार्च २०१७ ला हा शेअर बाजारात आला. कंपनीने २९९ ला विकलेला शेअर पहिल्याच संध्याकाळी ६४० च्या घरात होता. त्या वर्षीच्या नफ्यावर तेव्हाही पीई ८० च्या वर जात होता. महाग म्हणून सोडला त्यांनी हात चोळले, धरला त्यांचे आठ वर्षांत सहा पट झाले. खरं आहे, आणि हे मी लपवणार नाही. पीई म्हणजे पंचांग नव्हे. त्या आठ वर्षांत नफाही साडेपाच पटींच्या वर गेला, म्हणून तो भाव पचला.

पण त्याच शेअरची दुसरी गोष्ट भाच्याला विचारा. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो ५,९०० च्या आसपास गेला होता. त्या वर्षी कंपनीचा नफा होता १,४९२ कोटी. साडेतीन वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, नफा ८० टक्क्यांनी वाढलेला आणि शेअर ४,००० च्या आसपास, एक तृतीयांश खाली. दुकानं वाढली, गिऱ्हाईक वाढलं, गल्ला वाढला, आणि वाटेकऱ्याचे पैसे कमी झाले. ५,९०० ला घेणाऱ्यानेही रांग बघूनच घेतला असेल ना?

राहिलं विप्रोचं. अमळनेरच्या माणसापुढे विप्रोबद्दल बोलायचं म्हणजे जपून बोलावं लागतं, तरी बोलतो. २९ डिसेंबर १९४५ ला अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून कंपनी सुरू झाली. तेव्हाचे आणि पुढच्या दशकांतले शेअर ज्यांनी ट्रंकेत ठेवले, विसरले, वारसांना दिले, त्यांचं सोनं झालं. पण त्यांनी ते तुपाच्या कारखान्याच्या भावाने घेतले होते. संगणकाचा 'उद्या' त्यांना फुकट मिळाला, त्याची आगाऊ किंमत त्यांनी दिली नव्हती. आता दुसरा माणूस बघा, ज्याने तोच शेअर फेब्रुवारी २००० मध्ये घेतला. तेव्हा भाव १० हजारांच्या जवळ होता आणि पीई शेकड्यांत. कंपनीचा वर्षाचा नफा ३०० कोटींच्या आत होता, तो २०१९-२० पर्यंत साडेनऊ हजार कोटींच्या वर गेला. तीस पटींहून जास्त! आणि त्या माणसाला सगळे बोनस शेअर धरूनही आपली खरेदीची किंमत पुन्हा बघायला वीस वर्षं लागली. कंपनी तीच, गाव तेच, माणसं तीच. एकाच्या घराला मजला चढला, दुसऱ्याची वीस वर्षं गेली. फरक फक्त 'कितलाले' चा. पहिल्याची गोष्ट लग्नात, पारावर सांगितली जाते. दुसरा गप्प बसतो, म्हणून भाच्याच्या कानावर एकच गोष्ट आली.

विप्रो काही किराणा विकत नाही म्हणाल, तर जगातलं सगळ्यात मोठं किराणा दुकान घ्या. अमेरिकेतलं वॉलमार्ट. १९९९ च्या शेवटी त्याचा शेअर ६९ डॉलर होता आणि एका शेअरमागे नफा सव्वा डॉलर. पीई ५५. पुढच्या बारा वर्षांत एका शेअरमागचा नफा साडेतीन पट झाला. नुसतं छान चाललेलं दुकान, रांगाच रांगा. आणि २०११ च्या शेवटी शेअर? ६० डॉलर. पीई १३ वर आला होता. मधे थोडाफार लाभांश मिळाला, तोच काय तो. वॉलमार्ट बिघडलं नव्हतं, १९९९ चा भाव बिघडलेला होता. म्हणून मघाशी ३५ पीई धरताना मी 'उदार हाताने' म्हणालो.

आता भाच्याच्या दुसऱ्या सल्ल्याकडे येतो, कारण तो पहिल्यापेक्षा धोक्याचा आहे. बारा-पंधरा पीईची स्वस्त रिटेल कंपनी. आप्पा, बाजारात सगळ्या गाड्यांवर भरताची वांगी ८० रुपये किलो असताना कोपऱ्यातला एकजण २० ला देत असेल, तर तुम्ही आधी पिशवी उघडता की वांगं उलटून देठाकडे बघता? बिग बझार आठवतं? फ्यूचर रिटेल ही ते चालवणारी कंपनी. २०२० च्या सुरुवातीला तिचा शेअर कोसळत गेला, तसा मागच्या वर्षीच्या नफ्यावर काढलेला पीई दिवसेंदिवस 'स्वस्त' दिसत गेला. भाव आजचा, नफा मागच्या वर्षीचा. असं गणित कागदावर फार गोड येतं. खाली मात्र कर्जाचा डोंगर होता. जुलै २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. 'स्वस्त' म्हणून घेणाऱ्यांच्या हाती कागद राहिले.

इथे पीई आंधळा असतो, कारण त्याला कर्ज दिसत नाही. शेजाऱ्याचं दुकान ४० लाखांना मिळतंय, पण त्यावर बँकेचे ६० लाख आहेत, तर तुम्हाला ते एक कोटीला पडलं. शेअरच्या भाषेत याला एंटरप्राइज व्हॅल्यू म्हणतात: सगळ्या शेअरची किंमत, अधिक कर्ज, वजा हातातली रोकड. ती व्याज, कर आणि घसारा (वस्तू जुन्या होत जातात त्याचा खर्च) कापायच्या आधीच्या नफ्याशी लावून बघतात. त्या नफ्याला एबिटडा म्हणतात. कर्जाळू दुकान इथे पकडलं जातं. डीमार्टच्या बाबतीत हा प्रश्न फारसा नाही, बँकेचं कर्ज जवळपास नाहीच.

पण दोन रिटेल कंपन्या या मापाने शेजारी ठेवताना एक खोच आहे. तुमचं दुकान स्वतःच्या जागेत आहे, समोरचा भाड्याने बसला आहे. १ एप्रिल २०१९ पासून हिशेबाचा नवा नियम आला. लांब मुदतीच्या भाडेकराराचं भाडं आता नफातोट्यात 'भाडं' म्हणून दिसत नाही, त्याचे घसारा आणि व्याज असे दोन तुकडे होतात. एबिटडा या दोन्हींच्या आधी मोजला जातो. म्हणजे भाड्याने बसलेल्याचं भाडं जणू गायबच, आणि एबिटडा फुगलेला. टाटांची ट्रेंट, म्हणजे वेस्टसाइड आणि झुडिओवाली, बहुतेक दुकानं भाड्याच्या जागेत चालवते. डीमार्ट शक्यतो जागा विकत घेऊन दुकान काढतं. या दोघांचा एबिटडा शेजारी मांडून 'हे स्वस्त, ते महाग' म्हणणारे बरेच भेटतील. त्यांना नुसतं विचारा, भाडं धरलं का?

स्वतःच्या जागेमुळे आणखी एक माप तिरकं होतं. भाव आणि पुस्तकी किंमत, म्हणजे पीबी. डीमार्टकडे स्वतःचं भांडवल आणि साठलेला नफा मिळून मार्च २०२५ ला २१ हजार कोटींच्या वर होते. ४,००० भावाने सगळी कंपनी होते २ लाख ६० हजार कोटींची. म्हणजे पुस्तकातल्या एका रुपयाला बारा रुपये. ऐकून छाती दडपते. पण पवईचं पहिलं दुकान २००२ मधलं, आणि जुन्या जागा वहीत जुन्याच भावाने लिहिलेल्या असतात. तुमच्या वडिलांनी घेतलेल्या दुकानाची खरेदीखतातली किंमत सांगून आज कोणी ते मागितलं तर द्याल? म्हणून बारा हा आकडा दिसतो तितका भयंकर नाही. मात्र त्याच भांडवलावर वर्षाला सुटतात १३ टक्क्यांच्या आसपास, आणि एवढ्या नावाजलेल्या दुकानासाठी तो आकडा मला थोडा बेताचा वाटतो.

भाव आणि विक्रीचं प्रमाण तुम्ही तोंडी काढाल. वर्षाच्या एक रुपया विक्रीला तुम्ही ४ रुपये ४० पैसे देताय, आणि त्या रुपयात कंपनीला सुटतात साडेचार पैसे. एवढ्यावरून काही ठरवू नका. किराण्याचा रुपया, कापडाचा रुपया आणि जळगावच्या सराफाचा रुपया यांत सुटणारे पैसे वेगळे असतात. हे माप किराण्याला किराण्याशीच लावायचं.

मग मी असतो तर काय बघितलं असतं? वार्षिक अहवालात, जो कंपनीच्या आणि शेअर बाजारांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो, मी दोनच गोष्टींवर जास्त वेळ घालवला असता. पहिली, जुन्या दुकानांची विक्री किती वाढली. नवी दुकानं उघडून गल्ला वाढवणं सोपं आहे. मार्च २०२४ ला ३६५ दुकानं होती, वर्षभरात ४१५ झाली. पण दोन वर्षांहून जुनं दुकान दरसाल किती जास्त विकतं, त्यावरून खरा जोर कळतो. दुसरी, माल. किराण्यात साडेचार पैसे सुटतात ते महाग विकून नाही, माल फिरवून. डीमार्ट माल महिना-सव्वा महिन्यात काढतं, पुरवठादाराला पैसे लवकर देतं आणि त्या बदल्यात भाव पाडून घेतं. तुम्ही दाणा बाजारात रोखीने घेताना क्विंटलमागे काही सोडवून घेता, तेच, फक्त हजारो कोटींवर. हे चक्र मंदावलेलं दिसलं की समजायचं, पीई कितीही असो, आत काहीतरी अडलंय.

आणि एक गोष्ट पत्रात नाही, पण विचारतो. तुमचं रोजचं पोट किराण्यावर, आणि आता बचतही किराण्यावर? तुम्हाला वाटतंय, डीमार्टने माझं गिऱ्हाईक नेलं तर शेअर तरी वाढेल, एका हाताने गेलं ते दुसऱ्या हाताने आलं. युक्तिवाद चांगला आहे, मला पटतोही. पण सुरतेत तुमच्या लेकीच्या शेजारणी दहा मिनिटांत घरी येणारा किराणा मागवत असतील, विचारून बघा. ती मोटारसायकल पारोळ्यात यायला वेळ आहे. डीमार्टच्या दारात ती आधीच उभी आहे.

मी सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदलेला सल्लागार नाही, म्हणून घ्या किंवा सोडा असा हुकूम देणार नाही. माझं मत विचारलंत तर ९ लाखांची एकाच शेअरमध्ये एका दिवशी खरेदी, तीही ९६ पीईला, मी केली नसती. प्लॉटही तुम्ही एका दिवसात विकला नसेल, चार गिऱ्हाईकं बघितली असतील. दुकानाचा मोहच पडला असेल (आणि पडावा असं दुकान आहे) तर नऊपैकी एकूण लाखभरच काढा, त्याचे चार-पाच तुकडे करा, दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने घ्या. शेअर कोसळला तर घाबरण्याऐवजी बरं वाटेल, एवढीच रक्कम. बाकीचं मुदत ठेवीत राहू द्या, पण बँकेच्या. पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींचं दुःख आपल्या जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, म्हणून दोन बँकांत विभागा. शेअर ठेवायचं डीमॅट खातं तुमच्याच नावाने उघडा, नॉमिनी म्हणून वहिनींचं नाव लावा. भाच्याच्या खात्यावरून 'तात्पुरतं' घेऊ नका. भाचा चांगला असेल, पण खातं त्याचं असलं की शेअरही त्याचे.

आणि दिवाळीनंतर सुरतेला जाल तेव्हा पुन्हा त्या रांगेत उभे राहा. रांग मोजू नका, पुढच्या दहा-बारा ढकलगाड्यांत काय आहे ते बघा. तेल, साखर, डाळीत या दुकानाला फार सुटत नाही, सुटतं ते कपडे, चादरी, भांडी, प्लास्टिकच्या डब्यांत. कोरोनाच्या आधी विक्रीतला या मालाचा वाटा २७-२८ टक्के होता, आता २२-२३ वर आला आहे. गल्ला वाढून सुटत नाही त्याचं एक कारण तिथे आहे. किती गाड्यांत नुसते तेलाचे डबे होते आणि किती गाड्यांत चादर दिसली, ते मला लिहून कळवा.